शिळं पाणी

विशाखापट्टणमचं माझं काम एका दिवसात संपलं. लातूरच्या एका डाळमिलसाठी मी तूर पारखतो. बंदरावर बाहेरदेशीचा माल उतरला होता, तो बघायला मालकानं मला धाडलं होतं. गोदामात जायचं, पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली धरायचा आणि ओल किती, डागी किती, खडे किती ते सांगायचं. उभा जन्म हेच करून राहिलो. माल बरा होता. मालकाला फोन लावून "घ्या" म्हणालो, विषय संपला. पण नांदेडची गाडी रोज नसते, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. मालक म्हणाले, "काका, एक दिवस मोकळा हाय तर समुद्र बघा की. एवढ्या लांब गेलाव." मी हाव म्हणालो. मला फिरायचं होतं असं नाही, आणि नव्हतं असंही नाही. त्या दिवसांत कुणी काहीही म्हटलं की मी हाव म्हणत असे.

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात मी एकदाही रडलो नव्हतो. भेटायला येणारे म्हणायचे, रडून घ्या, मोकळं वाटेल. अरे, यायला तर पाहिजे! ते काय नळाला येणारं पाणी आहे, चावी फिरवली की धो धो? आणि आमच्या लातुरात चावी फिरवून तरी कुठं येतं. मी जेवत होतो, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात जात होतो, दात घासत होतो. सगळं नीट चाललं होतं आणि मला काहीच वाटत नव्हतं. दवाखान्यात दात काढायच्या आधी सुई देतात, मग आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसा मी स्वतःला वाटायचो.

ती कशी गेली ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. कधी येणार ते कुणीच छातीठोक सांगत नाही. ज्या दिवशी पाणी असतं त्या दिवशी घरातलं बाकी सगळं बंद. "आज आमच्याकडे पाणी हाय" म्हटलं की लग्नाला न आल्याचाही कुणी राग धरत नाही. आमच्या घरी हे दोन माणसांचं काम होतं. मोटरीचं बटण बाहेरच्या ओसरीत आणि पाण्याची भांडी आत स्वयंपाकघरात. ती पाइप धरून आत उभी राहायची, मी बटणापाशी. भांडं भरत आलं की ती आतून ओरडायची, "बास!" की मी बटण बंद करायचो. मला जरा उशीर झाला की पाणी सांडायचं, आणि मग तिचं तोंड सुटायचं. "झोपलाव काय तिथं? घोटभर पाण्यासाठी दुनिया मरून राहिली आन् हे सांडून राहिले!"

तिचा एक नियम होता. नळ आले की आधी शिळं पाणी ओतायचं, भांडं चिंचेनं घासायचं, मग ताजं भरायचं. ज्या वर्षी लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीसुद्धा तिनं पिण्याच्या हंड्यात शिळं राहू दिलं नाही. ते ओतलेलं पाणीही वाया जायचं नाही म्हणा. त्यानं धुणं व्हायचं, धुण्याच्या पाण्यानं फरशी, आणि उरलंसुरलं मागच्या कढीपत्त्याला. "शिळं वता आन् ताजं भरा," हे तिचं नळाच्या दिवशीचं ठरलेलं वाक्य. ती जायच्या दिवशीही ती ते म्हणाली. सगळं भरून झालं, सगळ्यात शेवटी तांब्याचा हंडा भरला, त्यावर झाकण ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं. आता जरा पडते." पडली ती पडलीच. मी चहा घेऊन हाक मारायला गेलो तर काही उरलं नव्हतं.

पुढच्या वेळी नळ आले तेव्हा मी सगळी भांडी भरली, पण त्या हंड्याला हात लावला नाही. का ते मला सांगता येणार नाही. ते तिनं भरलेलं पाणी होतं, एवढंच. प्यायला मी दुसरी स्टीलची घागर काढली. रोज संध्याकाळी मोंढ्यातून आलो की हंड्याचं झाकण उचलून आत बघायचो आणि पुन्हा ठेवून द्यायचो. पाणी होतं तेवढंच असायचं. मला बरं वाटायचं असंही नाही. ते आहे, एवढं कळायचं.

तर विशाखापट्टणम. लॉजवर पहाटे मला जाग आली ती भिंतीतल्या नळ्यांच्या आवाजानं. खर्रर्र करून हवा आली आणि मागून पाणी पडायला लागलं. मी ताडकन उठलो. "नळ आले!" म्हणून जवळजवळ ओरडलोच. अंधारातच न्हाणीघरात गेलो, बादली लावली. बादली भरली तर टमरेल, टमरेल भरलं तर चहाची किटली, मग टेबलावरचे दोन्ही ग्लास. कचऱ्याचा प्लास्टिकचा डबा होता, तोही विसळून भरून ठेवला. आणखी काय भरावं म्हणून इकडंतिकडं बघत होतो, तेव्हा ध्यानात आलं की आपण लातुरात नाही. चहा घेऊन आलेल्या माणसानं ती भरलेली भांडी बघितली आणि हिंदीत विचारलं, पाण्याची काही अडचण आहे का साहेब? इथं चोवीस तास असतं. मी म्हणालो, "मी लातूरचा." त्याला काय कळणार कप्पाळ!

थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. ती नांदेडला शाळेत शिकवते. येत्या सोमवारी तिच्या आईचं वर्षाचं होतं, म्हणून ती दोन दिवस आधीच लोह्यावरून येणाऱ्या बसनं लातूरला, माझ्या घरी आली होती.

"अप्पा, आज नळ येणारेत म्हणं. सगळं भरून ठेवते. सोमवारी पूजेला स्वामी येणार, पाव्हणे येणार. तो हंडा बी रिकामा करते."

"न्हाई."

"अप्पा..."

"त्याला हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय ना एकदा."

"वर्षाचं शिळं पाणी घरात ठेवून आईची पूजा करायची का? आई असती तर काय म्हणली असती?"

"तुझ्या आईचं मला शिकवू नको."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "नळ आले की फोन करते. तवर इचार करा. न्हाई म्हणलाव तर न्हाई लावणार हात." आणि तिनं फोन ठेवला. म्हणजे तो अख्खा दिवस माझ्यापुढं एवढाच एक सवाल होता, हंडा ओतायचा की ठेवायचा. समुद्र वगैरे मधल्या वेळात बघायचा होता.

लॉज सोडला, मोठी बॅग खाली काउंटरपाशी ठेवली. तुरीच्या नमुन्याची पिशवी मात्र बरोबर घेतली. पांढऱ्या मांजरपाटाची लहानशी पिशवी, तोंडाला सुतळीची गाठ. नमुना नजरेआड करायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं कलम. पिशवी बदलली, भिजली, कुणी हात घातला, की मग मोंढ्यात तुमच्या शब्दाला कुत्रं विचारत नाही. म्हणून रिक्षात बसलो तेव्हाही ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो.

रिक्षावाला माझ्याच वयाचा होता, डोक्यावरचे केस गेलेले, मिश्या पांढऱ्या. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत हिंडवा, जे काय बघण्यासारखं असेल ते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं, आणि चालू असलेलं गाणं बंद केलं. माझं आजोळ तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडचं, त्यामुळे लहानपणी बाजारात ऐकलेली थोडी तेलुगू मला कळते. त्याला थोडी हिंदी येत होती. त्यावर आमचं भागलं. खड्डा आला की तो रिक्षा एकदम हळू करायचा, आरशातून माझ्या मांडीकडं बघायचा. मला वाटलं, भली माणसं आहेत इथली. आमच्याकडचे रिक्षावाले खड्डा दिसला की मुद्दाम नेम धरतात.

त्यानं आधी समुद्रकाठची पाणबुडी दाखवली. नौदलानं जुनी झाल्यावर ती वाळूवर आणून ठेवली आहे, लोक आत शिरून बघतात. मी आत वाकून चाललो. नुसत्या नळ्या, चाकं, घड्याळांसारखे काटे. दाखवणारा माणूस हिंदीत सांगत होता की इथं इतकी माणसं राहायची, बाहेर सगळं पाणी, पण पिण्याचं पाणी मोजकं, आंघोळ जवळजवळ नाहीच, तोंडही मगभर पाण्यात धुवायचं. ऐकणारे चकचक करत होते. मला मनात आलं, ह्यात काय विशेष? लातूरच्या कुठल्याही बाईला कप्तान करा, पाणबुडी वर्षभर चालवून दाखवेल आणि वर कढीपत्ता लावेल. आणि लगेच मनात पुढचं आलं, हे तिला सांगायचं. घरी गेल्यावर ओसरीत बसून सांगायचं, ती म्हणेल, "लई शाने हाव!"

वाक्य तयार होतं आणि ते सांगायला माणूस नव्हतं. मी पाणबुडीच्या पोटात उभा राहिलो. मागून लोक "चलिए अंकल" करायला लागले. तेव्हा वाटलं, आता येईल रडू. नाही आलं. मी चाललो पुढं.

बाहेर रिक्षावाला नारळ फोडून घेऊन उभा होता. मी ते पाणी प्यायलो. गोड होतं. नंतर तो मला डोंगरावर घेऊन गेला. वर शंकर-पार्वतीच्या पांढऱ्या मूर्ती आहेत, एवढाल्या की शंकराच्या पायाच्या बोटापाशी माणूस उभा केला तर तो पोरगं दिसावा. आम्ही लिंगायत, आमचा देव गळ्यात, चौकात नाही. तरी हात जोडले. जोडले म्हणजे एक जोडला, दुसऱ्यात पिशवी होती. बाजूला रिक्षावालाही हात जोडून उभा होता. तो मूर्तीकडं बघत होता की माझ्या हाताकडं, ते मला तेव्हा नीट समजलं नाही.

तिथं नागपूरकडचं एक जोडपं होतं. त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला लावला. दोघं त्या दोन मूर्तींच्या मधोमध उभे राहिले. बाई सारखी नवऱ्याचा शर्ट मागून नीट करत होती. फोटो काढून फोन परत दिला तर तो हसून म्हणाला, "काका, काकूंना नाही आणलं?"

"घरी हाय ती," मी म्हणालो. "आज पाणी हाय आमच्याकडं."

त्यानं खालच्या एवढ्या मोठ्या समुद्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि "हो का" म्हणाला. मी त्याला खोटं सांगितलं असं मला वाटलंच नाही. आज नळ येणार होते, ती घरी असणारच. नळाच्या दिवशी ती कधी कुठं गेली होती? पार खाली येईपर्यंत मला माझं बोलणं उलगडलं नाही. उलगडलं तेव्हाही छातीत काही हललं नाही.

फोन दोनदा काढून बघितला. मुलीचा नव्हता. नळ आले नसावेत.

ऊन कलायला लागलं तशी मी म्हणालो, आता समुद्र जवळून दाखवा आणि मग स्टेशन. त्यानं मान हलवली. गर्दीचा किनारा मागं टाकला, मासेमारीच्या होड्यांचा धक्का मागं टाकला, आणि एका बाजूच्या निवांत जागी रिक्षा उभी केली. तिथं वाळूत एक छत्री होती, छत्रीखाली उघड्या अंगाचे एक भटजी बसले होते, पुढं पितळेची ताटली, फुलं, दर्भ. रिक्षावाल्यानं चपला काढल्या. माझ्यापुढं येऊन दोन्ही हात पसरले, ओंजळीसारखे, आणि फार हलक्या आवाजात म्हणाला, "सार. अस्थिकलु."

मला आधी कळेना. अस्थिकलु? मग त्याची नजर कुठं आहे ते बघितलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! पांढरी पिशवी, सुतळीची गाठ, मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, खाली ठेवत नाही, गाणं नको, बोलणं नको. सकाळपासून हा माणूस मला अस्थी विसर्जन करायला आलेला समजून हिंडवत होता. खड्ड्यात रिक्षा हळू करत होता ती माझ्यासाठी नव्हे. वर डोंगरावर त्यानं हात जोडले होते ते तुरीला.

मी गाठ सोडली, मूठभर दाणे तळहातावर काढून त्याच्यापुढं धरले.

"कंदुलु!" तो म्हणाला. त्यांच्या भाषेत तूर. त्यानं कपाळावर हात मारला, "अय्यो, अय्यो" करत मागं सरला. भटजीही उठून बघायला आले. आणि मला हसू फुटलं. पोटापासून हसलो. वर्षभरात पहिल्यांदा. तोही हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मोंढ्यात कुणाला ही गोष्ट सांगितली असती तर आठवडाभर सौदे बंद पडले असते.

हसता हसता तो आधी थांबला. माझ्या तोंडाकडं निरखून बघत राहिला. मग विचारलं, "मरि, एवरु?" मग कोण? म्हणजे अस्थी नाहीत हे त्याला पटलं होतं, पण माझं कुणीतरी गेलंय हे त्याचं मत काही बदललं नव्हतं. मी दाणे परत पिशवीत टाकून गाठ मारली. त्यानंच विचारलं, "भार्या?"

आमच्याकडं हा शब्द आता कुणी बोलत नाही, पोथीत नाहीतर पत्रिकेत सापडतो. बायको म्हटलं असतं, मिसेस म्हटलं असतं, तर मी काहीतरी बोलून मोकळा झालो असतो. मी मान हलवली. हो.

तो वाळूत बसला, मीही बसलो. मी त्याला हातवारे करून सांगितलं की आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात. अंगाला विभूती लावतात, वर बेलाची पानं, आणि गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात. राख नाही, अस्थी नाही, नदीवर जाणं नाही. त्याला ते सगळं कळलं असावं. तो म्हणाला, मग समुद्रात सोडायला तुमच्याकडं काहीच नाही. मी म्हणालो, काहीच नाही. आणि मला हंडा आठवला. माझ्याकडं तेवढंच होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही. तेवढी तेलुगू मला येत नाही, आणि मराठीतही कुणाला सांगितलं नसतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, नळ आले!" मुलगी ओरडूनच बोलत होती, मागं मोटरीची घरघर. "लई जोरात हाय आज. हौद झाला, टाक्या झाल्या, पिंप झालं. आता निस्ता हंडा राहिलाय. काय करू?"

लाटा येत होत्या.

"अप्पा? एक सांगू का? रागवू नका." तिचा आवाज खाली आला. "त्यात आईनं भरलेलं पाणी आता लई न्हाई."

"म्हंजे?"

"उन्हाळ्यात मी आले होते बगा. तुम्ही मोंढ्यात गेला होताव. मी झाकण काढलं तर पाणी पार तळाला गेलतं. मला भ्या वाटलं अप्पा. म्हणलं एक दिवस तुम्ही झाकण काढायचाव आन् आत काहीच नसायचं. मग काय करायचाव तुम्ही? तवापासनं येईल तवा मी वरून तांब्या-दोन तांबे टाकून राहिले. ओतलं न्हाई कधी. देवाशपथ. निस्तं वरून टाकलं."

मी. दाताखाली दाणा धरून त्यातली ओल सांगणारा मी. लातूरच्या वैशाखात संध्याकाळी भरलेल्या माठाचं पाणी सकाळी बोटभर खाली जातं. आणि मी वर्षभर रोज झाकण उचलून बघत होतो, पाणी आहे तेवढंच आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. राग नाही आला. मला माझी मुलगी दिसली. नांदेडहून बसनं हिंदकळत येणारी, मी घरात नाही असं बघून तांब्या भरून घेणारी, हळूच झाकण उचलून त्या हंड्यात ओतणारी आणि झाकण होतं तसं ठेवणारी. तिची आई गेली होती. माझी बायको गेली हे सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण हिची आई गेली, हे मला त्या वाळूत बसून कळलं.

"माय," मी म्हणालो.

"हं."

"शिळं वत."

"काय?"

"शिळं वत आन् ताजं भर. मोरीत नको टाकू, कढीपत्त्याला घाल. चिंच लावून नीट घास आधी. बुडाला हिरवं धरलं असंल."

तिनंही ते वाक्य लहानपणापासून ऐकलेलं होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि "हाव" म्हणाली. फोन तिनं बंद केला नाही, तसाच ओट्यावर ठेवला असावा. मी कानाला लावून ऐकत राहिलो. मोटर बंद झाली. हंडा उचलल्याचा खणखणाट, मागच्या दाराची कडी. मग पाणी मातीत पडल्याचा आवाज. ते फार वेळ पडलं नाही. मग चिंचेनं घासणं, खरखर, खरखर, आईसारखीच जोर लावून घासते पोरगी. मग तिची पावलं बाहेर गेली, मोटर सुरू झाली, ती पळत आत आली आणि रिकाम्या हंड्यात पाण्याची धार पडली.

भांडं भरताना आवाज कसा बदलत जातो ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आधी मोठा, पोकळ. मग बसका. मग पाणी वर वर येतं तसा बारीक होत जातो, आणि गळ्यापाशी आला की कळतं, आता. मी डोळे मिटून ऐकत होतो. गळ्यापाशी आला. बटण ओसरीत आणि मुलगी आत. ती एकटी. बटणापाशी कुणी नव्हतं.

"बास!" मी ओरडलो. "बास! अगं बास!"

भटजी दचकले. लांब एका होडीपाशी बसलेले कोळी उठून उभे राहिले. समोर नजर पोचेपर्यंत पाणी होतं आणि मी त्याच्याकडं तोंड करून बास, बास म्हणून ओरडत होतो. फोन ओट्यावर पडलेला, तिला काय ऐकू जाणार! ते पाणी काठावरून खाली ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर पडताना मला ऐकू येत होतं. ते ऐकता ऐकता मला रडू फुटलं. हमसून हमसून रडलो, लहान पोरासारखा, नाकातोंडातून. रिक्षावाल्यानं माझ्या मांडीवरची पिशवी उचलून कोरड्या वाळूवर नेऊन ठेवली.

मोटर बंद झाली. धापा टाकत मुलगी फोनवर आली. तीही रडत होती.

"सांडलं अप्पा. लई सांडलं. घरभर पाणी झालं."

"सांडू दे," मी म्हणालो. "सांडू दे, माय."